दुर्बिणीची पाठवणी

कै. नानांनीं स्वहस्तें आरसा घांसून केलेल्या ज्या सहा इंची दुर्बिणींतून १९८६ सालीं आम्हीं हॅलेचा धूमकेतु पाहिला, ती मीं गेल्या महिन्यांत आंतरजालावर विक्रीस काढली. वांद्र्याच्या गच्चीवरून आतां दिव्यांच्या झगमगाटांत मोजकेच तारे दिसतात. तिवई, दोन नेत्रिका यांचीं छायाचित्रें दिलीं. आरशाचा मुलामा विटला आहे, हेंही लिहिलें. भाव पाडणारे पुष्कळ आले. ‘हिच्यांतून काय दिसतें?’ असें कर्जतकडील एका शाळामास्तरांनींच तेवढें विचारलें. त्यांना मीं ती निम्म्या किंमतीस दिली. आई दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. परवां मास्तरांचा निरोप आला : ‘मुलांनीं शनीचें कडें पाहिलें.’ आईनें तो दोनदां वाचावयास लाविला आणि देवापुढें साखर ठेविली.