अडकलेली किल्ली

मोटारीची किल्ली अडकणे हा काही लेख लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे कोणीही म्हणेल. मीही म्हटले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात हैदराबादेच्या विद्यानगरात अशाच एका किल्लीने मला जे शिकविले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे जुने वाहन आहे आणि एखादे वृद्ध माणूसही आहे.

विद्यानगरात माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली पन्नास वर्षे नांदते आहे. दाजी मूळचे उदगीरचे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तेथील मुले उच्च शिक्षणासाठी १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जात. पुढे मराठवाडा वेगळा झाला, तरी ती वाट एकदम मोडली नाही. त्याच वाटेने दाजी आले, शिकले, शिक्षक झाले आणि विद्यापीठाच्या शेजारीच घर करून राहिले. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. १९९८ साली घेतलेली छोटी मोटार त्यांनी जिवापाड जपली आहे. पंधरा वर्षे भरल्यावर तिची फेरनोंदणी करून घेतली. मुले पुण्यास असतात. “आता गाडी चालविणे पुरे,” असे ती दर सुटीत सांगतात आणि दाजी विषय बदलतात.

अक्काच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणून मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढण्यासाठी तिला इस्पितळात न्यावयाचे होते. अक्का मागे बसली, दाजींनी किल्ली घातली. पण ती फिरेना. त्यांनी बाहेर ओढून पाहिली, तर निघेना. दोन्ही हातांनी खटपट करताना त्यांची बोटे थरथरू लागली. वेळ टळत होती. मी म्हटले, “दाजी, सरका, मी बघतो.” या शब्दांत किती उद्धटपणा होता, हे मला पुढे कळले.

मी जोर लावला. मग हत्यारांच्या पेटीतील पक्कड घेऊन किल्लीचे डोके पिरगाळले. किल्ली फिरली नाही, वाकली मात्र. शेवटी रिक्षा करून आम्ही इस्पितळ गाठले.

परत येताना दाजी अगदी गप्प होते. घरी आल्यावर अक्का आत गेलेली पाहून ते हळूच म्हणाले, “तीन महिने हे असेच चालले आहे. माझ्या बोटांत आता जीव राहिला नाही. कोणाला सांगितले नाही, इतकेच. मुलांचे ऐकून गाडी विकून टाकावी म्हणतो.” मी धीराचे दोन शब्द बोललो, परंतु मनातून मलाही तेच वाटत होते. वय झाले, दुसरे काय?

दुपारी मी नाक्यावरच्या चावीवाल्यास घेऊन आलो. छत्रीखाली लहानसे यंत्र मांडून बसणारा तो प्रौढ गृहस्थ होता. मी पुन्हा किल्लीस हात घालताच तो म्हणाला, “जबरदस्ती नक्को, साब.” दखनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपल्याच ‘नको’चा भाऊ, त्यामुळे तो शब्द मला घरच्या माणसाने दटावल्यासारखा लागला.

त्याने किल्लीस हातही लावला नाही. प्रथम वाकून पुढचे चाक पाहिले. आदल्या संध्याकाळी गाडी लावताना ते फाटकाजवळच्या दगडास टेकले होते. किल्ली काढल्यावर सुकाणूचक्र जरा फिरले, की आतून एक लोखंडी खिटी पुढे येऊन त्यास अडकविते. चोराला गाडी वळविता येऊ नये, ही त्यातील योजना. पण चाक कशास टेकून राहिले, की सगळा ताण त्या खिटीवर येतो आणि मग कुलूप फिरत नाही. त्याने एका हाताने सुकाणूचक्र डावीउजवीकडे हलके हलविले आणि दुसऱ्या हाताने वाकडी किल्ली आत दाबून जपून डोलविली. खट्ट असा आवाज झाला, किल्ली फिरली. पुन्हा मूळ जागी आणून सरळ ओढताच ती बाहेरही आली. पक्कड माझ्या खिशातच होती. ती मी तशीच झाकून ठेविली.

“अर्धा दोष दगडाचा,” असे सांगून त्याने किल्ली उन्हात धरली. तिचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. असल्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्यांची रांग असते व प्रत्येकीस बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली आत गेली, की तिचे दाते प्रत्येक पट्टीस नेमक्या उंचीवर आणतात आणि मगच आतला गोल भाग फिरतो. दाते झिजले, की एखादी पट्टी केसभर बाहेर राहते. तेवढी अडवणुकीस पुरे. दात्यांनी आतल्या तुकड्यांची उंची जुळविण्याची ही कल्पना अमेरिकेच्या धाकट्या लायनस येल यांनी १८६१ साली पेटंट घेतलेल्या कुलपातही आहे; तेथे पट्ट्यांऐवजी खुंट्या असतात.

वास्तविक मोटारीच्या किल्लीवर आपण फार भार टाकला आहे. पूर्वी मोटार सुरू करण्यास पुढून लोखंडी हँडल मारावे लागे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला आणि ते कष्ट सरले. पुढे स्टार्टर, वीज आणि सुकाणूचे कुलूप ही तिन्ही कामे एकाच किल्लीकडे आली. त्यात आपण तिला घरच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्यांचा घोसही अडकवितो. तो धक्क्याधक्क्याला हेलकावतो, आणि किल्ली व कुलूप दोन्ही झिजवितो. दाजींच्या जुडग्यात नऊ किल्ल्या होत्या.

कुलपात तेल घातले होते काय, असे चावीवाल्याने विचारले. दाजींनी शिवणयंत्राचे तेल घातल्याचे कबूल केले. तेलाने चार दिवस बरे वाटते, मग त्यावर धूळ बसून चिखल होतो. त्याने विजेचे सांधे साफ करण्याचा फवारा मारून कुलूप धुतले, ते वाळू दिले आणि ग्रॅफाइटची कोरडी भुकटी फुंकली.

“पहिली दुसरी चावी आहे का?” त्याने विचारले. झिजलेल्या किल्लीवरून नवी कापली, तर तिची झीजही नव्या किल्लीत उतरते. म्हणून मूळ किल्ली किंवा तिचा क्रमांक हवा. अक्काने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात गाडी घेतल्या दिवशी मिळालेली दुसरी किल्ली, क्रमांकाच्या पत्र्यासह, जशीच्या तशी होती.

मी ती दाजींच्या हाती दिली. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी ती फिरविली आणि गाडी एका दमात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली, किल्ली काढली, पुन्हा घातली, पुन्हा फिरविली. असे चारदा झाले. कोणीच काही बोलले नाही. तीन महिने ज्या बोटांना ते मनात दोष देत होते, त्या बोटांकडे ते मग बराच वेळ पाहत राहिले.

ट्रॅक्टर, टेंपो किंवा स्कूटर, कुलपाची तऱ्हा बहुधा हीच असते. किल्ली अडकली तर आधी चाकावरचा किंवा हँडलवरचा ताण काढावा. स्वयंचलित गियरची गाडी असेल, तर दांडा ‘पी’वर नीट बसला आहे ना, हे पाहावे. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. तेथे नुसते दाते कापून इंजिन सुरू होत नाही. आणि गाडी चालू असताना किल्ली काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये; सुकाणू अडकून प्राणावर बेतेल.

मी निघालो, त्या दिवशी दाजी मला स्वतः स्टेशनावर सोडण्यास आले. परंतु सकाळच्या गाडीचे तिकीट काढण्याचा आग्रह त्यांनी आधीच धरला होता. “अंधारात समोरच्या दिव्यांनी मला दिपते,” ते म्हणाले. “रात्री मी आता चालविणार नाही. तो दोष किल्लीचा नव्हे.”

तीन महिने जे त्यांनी लपविले होते, तसलेच आता ते सहज सांगून गेले. पक्कड हाती घेण्यापूर्वी मी त्यांना एक प्रश्न विचारला असता, तर ते त्या सकाळीच बोलले असते.