खापरपणजीची चौकशी

ग्वेल्फला बर्फ पडू लागले की माणसांचे बाहेर जाणे कमी होते आणि घरातले वाद वाढतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी असाच एक वाद झाला. तो आपल्या समाजाविषयी असल्यामुळे वाचकांपुढे ठेवते.

माझी नात येथल्या विद्यापीठात शिकते. तिने निबंधासाठी ‘बेने इस्राएल’ हा विषय घेतला. मला कोण आनंद झाला! शब्बाथचे दिवे लावून जेवणे झाली आणि मी तिला सांगत बसले: नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनवार तेली, १७९६ साली मुंबईत उभे राहिलेले पहिले सिनेगॉग.

१९६२ सालावर आले तेव्हा मात्र माझा आवाज चढला. त्या वर्षी इस्राएलच्या मुख्य रब्बींकडून विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्राएलांपैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न करू लागल्यास त्याची आई, आजी, पणजी अशी जमेल तितके मागे जाऊन चौकशी करावी. मी तेव्हा मुंबईत शाळेत होते. वडील संतापाने म्हणत, “पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळला, शेमा म्हटला, आणि आता हे आमच्या खापरपणजीचा दाखला मागतात!” आपली माणसे गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. १७ ऑगस्टला क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत. महिनाअखेर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव गेले.

नात भराभर लिहून घेत होती. पुढच्या आठवड्यात तिने विचारले, “आजी, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल म्हणजे काय ग?”

हे तिने हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या १८९७ साली लिहिलेल्या इतिहासात वाचले होते. परक्याने लिहिले असते तर खोटे म्हणून मी मोकळी झाले असते. पण केहिमकर आपलेच!

मी म्हटले, “जुन्या गोष्टी त्या. निबंधात कशाला घालतेस? इथे आपले नाव ठाऊक असलेली माणसे चार. त्यांना पहिल्यांदा हेच सांगायचे?”

“पण त्या लोकांचा दोष काय होता?”

“त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नव्हता. म्हणजे कोणाची तरी आजी, पणजी समाजाबाहेरची, म्हणून…” बोलता बोलता मीच थांबले.

माझ्या लहानपणी सणावाराला एक बाई आजीच्या मदतीला येत. त्यांचे ताट वेगळे, आणि तेही दाराशी. एलियाहू हन्नबीचा मलिदासुद्धा त्यांच्या हातावर सर्वांत शेवटी पडे. आम्ही मुलांनी कधी कारण विचारले नाही. आणि त्याच घरात बसून १९६४ साली आम्ही रब्बींच्या नावाने बोटे मोडत होतो.

समाजाला कोणी नावे ठेवली की आपण आधी बोलणारा कोण ते पाहतो. परका असला तर द्वेष्टा म्हणतो, आपला असला तर घरभेद्या. तो बोलला ते खरे की खोटे, हे पाहायचे राहूनच जाते. खोट्या आरोपाला आपण १९६४ साली जे उत्तर दिले त्याचा मला आजही अभिमान आहे. पण खऱ्या आरोपाला धरण्याने उत्तर देता येत नाही. तिथे घरातले ताट हलवावे लागते.

नातीने दोन्ही गोष्टी निबंधात लिहिल्या, तेही एकाच पानावर. मी अडवले नाही.

शेवटी तिने विचारले, “आजी, त्या बाईंचे नाव काय?”

मी खूप आठवून पाहिले. आमच्या घरात त्यांना नावाने कोणी हाक मारलीच नव्हती.

वाचकहो, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना असे एखादे नाव आठवत असेल, तर मुलांना अवश्य सांगा.