रिमोट हातात आहे, तर सिनेमा थांबवा आणि प्रश्न विचारा

सिनेमा ही करमणूक आहे, त्यात जात कशाला आणता, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. पूर्वी हे सवर्ण मित्र ऐकवायचे. आता आपल्यातले शिकलेसवरलेले तरुणही तेच बोलू लागले आहेत, म्हणून हे लिहावे लागत आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जात आम्ही सिनेमात आणत नाही. ती तिथे आधीपासून बसलेली असते. आम्ही फक्त सिनेमा थांबवून तिच्याकडे बोट दाखवतो.

टॉकीजमध्ये हे जमत नाही. तिथे अंधारात सगळे रडले की आपणही रडतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की आपणही वाजवतो. घरी डीव्हीडीवर सिनेमा थांबवता येतो, मागे नेता येतो, पुन्हा पाहता येतो. गेली काही वर्षे आम्ही चार-पाच कार्यकर्ते आणि घरची मंडळी असेच सिनेमे पाहतो. मग जेवणे लांबतात आणि वाद रंगतात.

१९५९ चा बिमल रॉय यांचा 'सुजाता' घ्या. अस्पृश्यतेविरुद्धचा थोर सिनेमा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. अनाथ अस्पृश्य मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते. घरची मुलगी रमा कॉलेजात जाते, सुजाता मात्र घरकाम करते. तिला 'मुलगी' नाही, 'मुलीसारखी' म्हणतात. आत्महत्येच्या विचाराने ती नदीवर जाते तेव्हा तिला परत फिरवायला गांधीजींचे वचन समोर येते. शेवटी मालकीणबाईला रक्त लागते, सुजाताचे रक्त जुळते आणि मग कुठे तिला घराची मुलगी म्हणून मान्यता मिळते. नूतनचे काम उत्तमच आहे, बिमल रॉय यांच्या हेतूबद्दलही आम्हाला शंका नाही. पण आमची आई, जी चौथीच्या पुढे शिकू शकली नाही, तिने मध्येच विचारले, "हिला शाळेत का नाही घातली रे?" आम्ही सिनेमा थांबवला. खोलीतले पदवीधर गप्प होते.

आईच्या या एका प्रश्नात सगळी समीक्षा आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी कोणाच्याही दयेची वाट न पाहता धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या या सिनेमातली अस्पृश्य मुलगी अजूनही वाट पाहत उभी आहे, कधी मला घरात घेतील म्हणून. बाहेर एवढी मोठी क्रांती झाली आणि पडद्याला तिचा पत्ताच नव्हता. सिनेमातल्या कोणी बाबासाहेबांचे नाव घ्यावे, असा आग्रह आम्ही धरत नाही. पण माणूस म्हणून मान्यता मिळायला आधी रक्त द्यावे लागते, ही अट कोणी घातली, हे तरी विचारायला हवे.

दुसरा सिनेमा १९८२ चा, रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी'. तीन तासांहून मोठा, आठ ऑस्कर मिळवलेला, भारत सरकारचाही पैसा लागलेला. आम्ही तो रिमोट घेऊन पाहिला, बाबासाहेबांना शोधत. नेहरू आहेत, पटेल आहेत, जीना आहेत, मौलाना आझाद आहेत. बाबासाहेब नाहीत. चौरीचौरानंतरचा उपवास आहे, कलकत्त्याचा उपवास आहे. पण स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात येरवड्याच्या तुरुंगात सुरू झालेला सप्टेंबर १९३२ चा उपवास आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार, यांचा पत्ता नाही. जगभरच्या लोकांनी हा सिनेमा पाहून भारताचा इतिहास शिकला. ज्याने राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, तो माणूस त्या इतिहासात नाही. आता कोणी म्हणेल, सगळ्यांना घ्यायला वेळ कुठे असतो? मान्य. पण वेळ कमी पडला की प्रत्येक वेळी आपल्यालाच का वगळले जाते?

याचे उत्तर म्हणून आम्ही जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लावतो. मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेब उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यात पुणे करार आहे, आणि त्या दिवसांत बाबासाहेबांवर आलेला दबावही आहे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला हा सिनेमा कधी लागलेला आम्हाला आठवत नाही. आम्हाला तो डिस्कवरच मिळाला. आपल्या महापुरुषाचा सिनेमा आपल्यापर्यंत टॉकीजमधून येत नाही, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तके आणि भीमगीतांच्या सीडीशेजारी शोधावा लागतो, यातच सगळे आले.

आता दोन दगडांची गोष्ट. श्याम बेनेगल यांच्या १९७४ च्या 'अंकुर'मध्ये जमीनदाराचा मुलगा लक्ष्मीच्या नवऱ्याला चाबकाने मारतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. सगळे पांगल्यावर एक लहान पोरगा घराच्या खिडकीवर दगड मारून पळतो. चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला आणि जब्यानेही दगड भिरकावला. पण तो कोणा जमीनदाराच्या खिडकीवर नव्हता. तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्यावर आला. 'अंकुर'चा प्रेक्षक खुर्चीत सुरक्षित राहतो, 'फँड्री'चा राहत नाही. मारलेले डुक्कर वाहून नेणारे जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून जाते, तिथे आम्ही सिनेमा थांबवला. चित्रे भिंतीवर आणि डुक्कर खांद्यावर. आपल्या जयंत्या, पुतळे आणि मिरवणुका यांना विचारलेला हा प्रश्न आहे. तो ज्याने जात भोगली तोच विचारू शकतो. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे, याने असा फरक पडतो.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' एका बैठकीत संपत नाही, आम्ही तो दोन रात्री पाहिला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर गोळीबार झाला, दहा जण गेले. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. तिथून सुरू झालेले हे काम चौदा वर्षे चालले. यातल्या काही मांडणीशी आमचे मतभेद आहेत. काही कार्यकर्त्यांना हा सिनेमा चळवळीकडे लाल चष्म्यातून पाहतो असे वाटते. वाटू द्या, त्यावर भांडा, पण आधी पूर्ण पाहा. आपल्या शाहिरांचे आवाज आणि आपल्या वस्तीतल्या आयाबायांचे बोलणे इतके सविस्तर दुसरे कोणी टिपलेले आम्हाला माहीत नाही.

म्हणून तरुण मित्रांना सांगणे आहे. महिन्यातून एक रविवार विहारात सिनेमा लावा. पोरासोरांना, आजीला, शेजारच्या ताईला बोलवा. मध्ये थांबवायला घाबरू नका. तीन गोष्टी विचारा : यात बोलते कोण, गप्प कोणाला ठेवले आहे, आणि ज्याचे दुःख आहे त्याला सोडवायला दुसराच का येतो? उत्तरे शिकलेल्यांकडूनच येतील असे समजू नका, आमच्याकडे ती चौथी शिकलेल्या बाईकडून आली. आणि नुसते पाहणारे राहू नका. लिहा, कॅमेरा शिका, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आजच टिपून ठेवा. आपण टिपले नाही तर उद्या कोणीतरी पुन्हा तीन तासांचा सिनेमा काढेल आणि आपण त्यात नसू.

जय भीम!