पाठविलेल्या पत्रांतील मंडळी

ज्या घरांत चार भावांचा संसार एका चुलीवर चालतो, तेथें पत्त्यांची वही ही कोणा एकाच्या मालकीची नसते. आमच्या चंद्रपूरच्या घरांतील वहीचे पुठ्ठे तीनदां बदलले. तिच्या जुन्या पानांवर 'जिल्हा चांदा' असें आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. धानोऱ्याचीं, अहेरीचीं, सिरोंच्याचीं आमचीं स्नेही मंडळी जागचीं हललीं नाहींत, पण त्यांचा जिल्हा बदलला; आणि आजीनें एकेक ओळ खोडून वर बारीक अक्षरांत 'गडचिरोली' असें लिहून काढलें.

ई-मेल आल्यापासून ही वही मागें पडली. पत्र लिहितांना नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें टंकलीं कीं यंत्र उरलेलें नांव आपण होऊन पुढें करतें. त्यामुळें तो पत्ता कोठें तरी जपून ठेविलेला आहे असा सर्वांचा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. आउटलुकमध्यें ही सूचनांची यादी निराळी आणि 'संपर्क' म्हणून जें पत्त्यांचें पुस्तक असतें तें निराळें. केवळ पत्र पाठविल्यानें मनुष्य त्या पुस्तकांत जात नाहीं. २०१० च्या आउटलुकांत तशी एक सोय होती. २०१३ च्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली. मुभा ठेविली असल्यास जीमेल मात्र अशा माणसास 'इतर संपर्कां'त टाकून ठेवतें.

हा भेद आम्हांस कळण्याचें कारण आमचे थोरले काका. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळूं लागले. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गांव त्यांत अग्रेसर. त्याला हा हक्क २००९ मध्यें मिळाला आणि २०११ पासून तें आपला बांबू आपण विकूं लागलें. पुढें गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा तेंदूचीं पानेंही स्वतः विकूं लागल्या. पान तोडण्याचे दिवस उन्हाळ्यांतले आणि मोजकेच. त्यापूर्वीं व्यापाऱ्यांना विक्रीची सूचना गेली पाहिजे. सूचना थोड्यांस गेली तर बोली कमी लागते, आणि बोली कमी लागली तर त्या गांवच्या घराघरांत येणारा रोख पैसा घटतो. सेवानिवृत्तीनंतर काका अशा तीन-चार गांवांचीं पत्रें घरीं बसून फुकट लिहून देत. घरांतील तरुण मंडळी त्यास 'काकांचा छंद' म्हणत असत.

एका माघांत काकांना पक्षघाताचा झटका आला. जीव वांचला, पण वाचा जवळजवळ गेली. पंधरवड्यानें एका गांवचीं दोन माणसें समाचारास आलीं. त्यांनीं संकोचानें विषय काढला नाहीं. तो काकूंनींच काढला. सूचनेचा मसुदा तयार होता. ती धाडावयाची कोणाला, हें मात्र काकांच्या डोक्यांत होतें. संगणकांतील पत्त्यांचें पुस्तक उघडलें तों अकरा नांवें, त्यांपैकीं चार आमच्याच घरचीं!

पुण्यास शिकत असलेला आमचा पुतण्या त्या दिवसांत घरीं होता. तो म्हणाला, "आजोबांनीं ज्यांना ज्यांना लिहिलें ते सगळे 'पाठविलेल्या' पत्रांत बसलेले आहेत. त्यांना तेथून उठवूं." त्यानें जो मॅक्रो लिहिला तो पुरता एक पानभरही नव्हता. मॅक्रो म्हणजे यंत्राला एकदां सांगून ठेविलेला कामाचा क्रम. येथें क्रम असा: पाठविलेलें एकेक पत्र घे, तें ज्यांना गेलें त्यांतील प्रत्येक पत्ता घे, प्रत आणि गुप्त प्रत मिळालेल्यांचाही, इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांचा भेद मोडून तो पुस्तकाशीं ताडून पहा, असेल तर पुढें चल, नसेल तर नवा संपर्क उघडून नांव व पत्ता लिही आणि जतन कर. हें जुन्या धर्तीच्या आउटलुकांतच साधतें. नव्या रूपाच्या आउटलुकांत असले मॅक्रो चालत नाहींत, तेव्हां आपल्याजवळ कोणतें आहे तें वाचकांनीं आधीं पाहावें. एका चहाच्या अवधींत सहा वर्षांची मंडळी पुस्तकांत येऊन बसली.

पुतण्याचा उत्साह येथें थांबेना. यापुढें प्रत्येक पत्र निघतांक्षणींच प्राप्तकर्ता आपोआप नोंदला जावा, अशीही योजना करतां येते. ती करूं द्या, असें त्याचें म्हणणें. आम्हीं तें मान्य केलें नाहीं. १९९९ च्या मार्चमध्यें 'मेलिसा' नांवाचा जो उपद्रव जगभर पसरला तोही वर्डच्या कागदांत दडलेला मॅक्रोच होता. कागद उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या पुस्तकांतील पहिल्या पन्नास जणांना तो परस्पर आपली प्रत धाडी. २०२२ पासून आंतरजालावरून आलेल्या कागदांतील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट आपण होऊनच अडवूं लागली. ज्या पुस्तकांत एकदां तक्रार केलेला दुकानदार आणि घरची सून शेजारीं शेजारीं बसतात, तें पुस्तक चोराच्या हातीं लागलें तर दोघांच्याही दारीं तो आमच्याच नांवानें जाणार. काम होतांच मॅक्रोला दिलेली परवानगी आम्हीं काढून घेतली.

खरें काम यापुढेंच होतें. ई-मेलच्या पत्त्यांत गांव नसतें, नातें नसतें. कित्येक ठिकाणीं नांवाच्या जागीं पत्ताच पुन्हां उमटला होता. एका पत्त्यावर तर तीन गांवांचीं पत्रें गेलेलीं. तो कोणा शाळकरी मुलाचा असून आसपासच्या ग्रामसभा त्याच्याच मोबाईलवर आपला टपाल-व्यवहार चालवीत होत्या. दोन रात्री काकांच्या उशाशीं बसून पुतण्या एकेक नांव वाची. काका बोट उचलीत तें ठेवावयाचें, न उचलल्यास गाळावयाचें. ज्यावर त्यांचे डोळे चमकत त्याच्यापुढें 'तेंदू' असें लिहावयाचें. एक नांव आमच्या दिवंगत आत्याचें निघालें. यंत्रानें त्याच दिवशींच्या तारखेनें तिला नव्यानें नोंदविलें होतें. पुतण्या तें पुसूं लागला. काकांनीं बोट उचललें, आणि काकू म्हणाल्या, "राहूं दे रे. जागा किती खातें तें?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूचना गेली. सात ठिकाणांहून ती परत आली. त्या व्यापाऱ्यांकडे जुन्या पावत्यांवरील क्रमांक पाहून काकूंनीं स्वतः फोन लावले. बोलीच्या दिवशीं दोन व्यापारी असे आले कीं, गांवांत त्यांना कोणीच ओळखेना. काकांनीं त्यांना पूर्वीं एकदांच लिहिलें होतें, तेंही गुप्त प्रतींत.