एका पौंडाचा संघ

फॉर्म्युला वनची शर्यत तुम्ही दूरदर्शन संचावर कधीतरी पाहिली असेल. जमिनीला जवळजवळ चिकटलेली, उघड्या चाकांची, एकच माणूस बसू शकेल अशी ती मोटार असते. येथे 'फॉर्म्युला' म्हणजे गणितातले सूत्र नव्हे, तर सर्व मोटारींना सारखेच लागू असलेले नियम. मला स्वतःला सायकलीखेरीज दुसरे वाहन चालवता येत नाही. तरीही अशाच एका मोटारीची हकीकत मी वर्गात आवडीने सांगतो. तिचे नाव 'ब्रॉन बीजीपी ००१'. ती एकच हंगाम धावली, २००९ सालचा.

इंग्लंडमध्ये ब्रॅकली नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे होंडा या जपानी कंपनीच्या संघाचा कारखाना होता. २००८ साली या संघाला वर्षभरात अवघे १४ गुण मिळाले. पुढच्या वर्षी नियम बदलणार होते, म्हणून अभियंत्यांनी चालू मोटारीचा नाद सोडला आणि नव्या मोटारीच्या मागे लागले. पण त्याच वर्षी जगभर मंदी आली. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने शर्यतींतून अंग काढून घेतले. आता मोटारीला मालक नव्हता, इंजिनही नव्हते. त्या कारखान्यावर सुमारे सातशे घरांच्या चुली पेटत होत्या.

संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी मार्च २००९ मध्ये तो संघ विकत घेतला. किंमत किती? फक्त एक पौंड! त्या वेळचे सुमारे सत्तर रुपये. तेवढ्या पैशांत तेव्हा एक साधी कंपासपेटी येत असे. अर्थात, संघ चालवण्यासाठी होंडाने जाताना मोठी रक्कमही दिली होती. गोष्ट रंगवून सांगणारे लोक नेमके हेच सांगायला विसरतात.

मोटारीचा सांगाडा होंडाच्या इंजिनासाठी बनवलेला होता. मिळाले ते मर्सिडीजचे इंजिन. ते बसावे म्हणून मागच्या बाजूला कापाकापी करावी लागली. आपल्याकडचा मेकॅनिक जे करतो तेच हे काम. फक्त ताशी तीनशे किलोमीटर वेग सोसण्याइतके पक्के. पूर्ण हंगामासाठी तीनच सांगाडे तयार झाले. मोटार पांढरी होती आणि तिच्यावर जाहिराती जवळजवळ नव्हत्याच.

पण तिच्या पोटाखाली एक युक्ती दडली होती. मोटार धावते तेव्हा तिच्याखालून हवा वेगाने वाहते. मागच्या टोकाला तळ वर उचललेला असतो. तेथे हवेला पसरायला जागा मिळते, खालचा दाब कमी होतो आणि मोटार रस्त्याला घट्ट धरून राहते. नव्या नियमांनी ही जागा लहान केली होती. ब्रॉनच्या अभियंत्यांनी नियमांतील शब्द बारकाईने वाचले आणि तळातून वर जाणारी दुसरी वाट हवेला करून दिली. टोयोटा व विल्यम्स या संघांनीही तेच केले होते. इतरांनी तक्रार केली. पण एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ही रचना नियमात बसते असा निकाल दिला. ही लबाडी की हुशारी? माझ्या मते हुशारी. नियम सर्वांसमोर एकच होता. तो कोणी किती लक्षपूर्वक वाचला, एवढाच फरक.

२९ मार्च रोजी ऑस्ट्रेलियातील पहिल्याच शर्यतीत जेन्सन बटन पहिला आला आणि त्याचा सहकारी रुबेन्स बॅरिकेलो दुसरा. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या.

आता या गोष्टीतला कडू भाग ऐका. त्याच वर्षी खर्च झेपेना म्हणून संघाने अडीचशेहून अधिक माणसांना कामावरून कमी केले. ज्यांनी ही मोटार घडवली, त्यांतल्या कित्येकांनी तिचे विजय घरी बसून पाहिले असतील. ब्रॉन यांच्यापुढे दुसरा मार्ग नसावा, हे मी मानतो. पण विजयाच्या छायाचित्रात ती माणसे नाहीत, हे मला आजही खटकते.

पैसा नसल्यामुळे मोटारीत सुधारणाही हव्या तितक्या होईनात. शिवाय ही मोटार टायर फार हळुवारपणे वापरी. उन्हात तो गुण होता. पण थंड हवेत टायर तापत नसत आणि पकड सुटे. तिकडे रेड बुल संघ वेगाने पुढे येत होता. नंतरच्या दहा शर्यतींत बटनला एकही विजय मिळाला नाही. बॅरिकेलोने मात्र दोन जिंकल्या.

१८ ऑक्टोबरला ब्राझीलमध्ये, बॅरिकेलोच्या जन्मगावी साओ पावलोत, तो सर्वांत पुढून निघाला आणि बटन चौदाव्या जागेवरून. गावकऱ्यांच्या नजरा आपल्या माणसावर खिळल्या होत्या. पण तो आठवा आला. बटन एकेकाला मागे टाकत पाचवा आला आणि विश्वविजेता ठरला. संघाचे विजेतेपदही त्याच दिवशी नक्की झाले.

नोव्हेंबरमध्ये मर्सिडीजने हा संघ घेतला. ब्रॉन हे नाव शर्यतींच्या यादीतून गेले. कारखाना मात्र ब्रॅकलीतच राहिला आणि २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघाचे विजेतेपद त्याच गावी येत राहिले.