दोन शेजारी तारे आणि बंद पडलेली दुर्बीण

पावसाळ्यात आमच्या सांगलीकडे आकाशदर्शनाचा नाद सोडून द्यावा लागतो. कॉलेजची छोटी दुर्बीण कपाटात जाते आणि दिवाळीशिवाय बाहेर येत नाही. एमएस्सीच्या मुलांचे प्रकल्प मात्र नेमके याच दिवसांत ठरतात. म्हणून मी त्यांना एका अशा दुर्बिणीवर कामाला लावते, जिला ढगांची अडचण कधी आलीच नाही आणि जी ३० सप्टेंबर १९९६ रोजी कायमची बंद केली गेली.

तिचं नाव इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर, थोडक्यात आययूई. नासा, युरोपियन स्पेस एजन्सी आणि ब्रिटन यांनी मिळून ती २६ जानेवारी १९७८ रोजी सोडली. आरसा अवघा ४५ सेंटिमीटरचा. एवढा आरसा हौशी लोकही बाळगतात, हे सांगितलं की मुलांचा चेहरा पडतो. पण ती बघायची ११५ ते ३२० नॅनोमीटरमधला अतिनील प्रकाश, आणि त्यातला बहुतेक भाग जमिनीपर्यंत पोचतच नाही. ओझोन आणि ऑक्सिजन तो वरच्या वर अडवतात. आपल्या कातडीच्या दृष्टीने ते बरंच आहे, पण त्यामुळे डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी या कामात उपयोग नाही. वर जावंच लागतं.

आययूई तीन वर्षं चालावी अशी अपेक्षा होती. ती अठरा वर्षांहून जास्त चालली. दिशा धरून ठेवणाऱ्या तिच्या सहा जायरोंपैकी चार १९८५ पर्यंत निकामी झाले होते. तेव्हा उरलेल्या दोघांना सूर्याकडे बघणाऱ्या संवेदकाची जोड देऊन अभियंत्यांनी तिला सावरलं. भूसमकालिक कक्षेमुळे ती नियंत्रण केंद्रांच्या नजरेतून सुटत नसे: दिवसाचे सोळा तास अमेरिकेतल्या गोडार्ड केंद्राकडे, उरलेले आठ माद्रिदजवळच्या व्हिलाफ्रांकाकडे. खगोलशास्त्रज्ञ स्वतः कक्षात बसायचा, वर्णपट पडद्यावर उतरला की बघायचा आणि पुढचं निरीक्षण किती वेळ घ्यायचं ते तिथल्या तिथे ठरवायचा. आजच्या अंतराळ दुर्बिणींवर ही चैन क्वचितच मिळते. असे एक लाख चार हजारांवर वर्णपट मागे राहिले आणि ते सगळे नासाच्या संग्रहात फुकट मिळतात. कमी विभेदनाची एक फाइल व्हॉट्सॲपवरच्या लग्नाच्या फोटोहून लहान भरते. आमच्या प्रयोगशाळेतलं इंटरनेट ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते कळेल.

मुलांना मी दोनच तारे देते, एप्सिलॉन एरिडानी आणि टाऊ सेटी. पहिला साडेदहा प्रकाशवर्षांवर, दुसरा जेमतेम बारा. दोघेही नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि तेज जवळपास सारखं, ३.७ आणि ३.५ प्रत. डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला टाऊ सेटी दक्षिणेला बऱ्यापैकी वर असतो आणि एप्सिलॉन एरिडानी त्याच्या पूर्वेला, मृगाच्या अलीकडे. फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने परक्या संस्कृतींचे संकेत ऐकायचा पहिला प्रयत्न केला, तो याच दोन ताऱ्यांच्या दिशेने. दोघेही सूर्याहून थोडे थंड, थोडे लहान. वरवर पाहता भाऊभाऊ शोभावेत.

दोघांचे वर्णपट एकाच आलेखावर काढायला सांगितले की तीनशे नॅनोमीटरच्या आसपास काही खास दिसत नाही. टाऊ सेटी किंचित गरम आहे, म्हणून त्याची रेघ थोडी वर. मग डावीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकावं तसतशा दोन्ही रेघा खाली खाली येतात, कारण पाच हजार अंशांचा पृष्ठभाग इतका ऊर्जावान प्रकाश फारसा देऊच शकत नाही. एकशेसाठच्या अलीकडे पृष्ठभागाचा प्रकाश जवळजवळ संपतो. आणि तिथे एप्सिलॉन एरिडानीच्या रेघेतून सुळके वर येतात. १५५ला कार्बन, १४०ला सिलिकॉन, १३३.५ला पुन्हा कार्बन. टाऊ सेटीत त्याच जागी जेमतेम उंचवटे.

"मॅडम, टाऊ सेटीची फाइल बिघडलीय का?" एका मुलीने विचारलं होतं.

फाइल ठीक होती. तिला मी त्याच ताऱ्याची दुसऱ्या दिवशी घेतलेली फाइल उतरवायला सांगितली. ही सवय मी सगळ्यांनाच लावते, कारण तास-तास उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यावर वैश्विक किरण आदळतात आणि त्यांचे डाग वर्णपटातल्या रेषांसारखेच दिसतात. एका फाइलमधला सुळका दुसरीतही त्याच जागी असेल, तर तो ताऱ्याचा. टाऊ सेटी दुसऱ्या दिवशीही तितकाच गप्प होता.

१५५ नॅनोमीटरची ती रेषा तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची आहे, आणि कार्बनची ही अवस्था यायला सुमारे एक लाख अंश तापमान लागतं. पाच हजार अंशांच्या पृष्ठभागावर लाख अंशांचा वायू तरंगतो, याचं मुलांना फार आश्चर्य वाटतं आणि वाटायलाच हवं. ही उष्णता चुंबकीय क्षेत्रातून येते. ते क्षेत्र ताऱ्याचं फिरणं आणि त्याच्या पोटातलं उकळणं मिळून तयार करतात. एप्सिलॉन एरिडानी सुमारे अकरा दिवसांत स्वतःभोवती फिरतो, टाऊ सेटीला महिन्याहून अधिक लागतो. पहिल्याचं वय शंभर कोटी वर्षांच्या आत आहे, दुसरा सूर्याहूनही म्हातारा. तारे जन्मतात तेव्हा गरगर फिरत असतात. मग त्यांचा वारा चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने फिरण्याचा जोर काढून नेतो, आणि वेग उतरला की क्षेत्रही मंदावतं. सूर्य तरुणपणी कसा होता हे आज कुणी बघून आलेलं नाही, पण साडेदहा प्रकाशवर्षांवर त्याचा बरा नमुना आहे.

एका रेषेबाबत मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावं लागतं. १२१.६ नॅनोमीटरला प्रत्येक फाइलमध्ये दणदणीत सुळका असतो. ती हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा. पण आययूईच्या कमी विभेदनाच्या वर्णपटात तो सुळका बहुतांशी पृथ्वीचा. आपल्या वातावरणाच्या टोकाला हायड्रोजनचं विरळ आवरण आहे, ते सूर्यप्रकाशात चमकतं आणि दुर्बीण त्याच्यातूनच बघत असते.

हीच रेषा हबलच्या बारीक वर्णपटात उलगडली की निराळीच गंमत दिसते. ताऱ्याच्या आणि आपल्या मधल्या हायड्रोजनने तिचा मधला भाग खाल्लेला असतो, आणि तो हिशेबापेक्षा जरा जास्तच खाल्लेला निघतो. जेफ्री लिन्स्की आणि ब्रायन वुड यांनी १९९६ साली मित्र ताऱ्याच्या, म्हणजे अल्फा सेंटॉरीच्या, वर्णपटात हे दाखवलं. जास्तीचा हायड्रोजन कुठला? सूर्याचा वारा ताऱ्यांमधल्या वायूवर आदळतो तिथे हायड्रोजन साचून गरम होतो, त्याचा. तसाच ढीग काही ताऱ्यांभोवतीही सापडला आणि त्यावरून त्यांचा वारा मोजता येऊ लागला. एप्सिलॉन एरिडानी आपलं द्रव्य सूर्याच्या तीसेक पट वेगाने उधळतो असा अंदाज निघाला. सूर्यासारख्या ताऱ्याचा वारा थेट दिसत नाही. रेषेच्या कडेला पडलेल्या एका खाचेवरून तो मोजणं हे मला या शास्त्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

लाल बुटक्या ताऱ्यांकडे मी मुलांना शेवटी नेते, कारण तिथे गेलं की परत यायला ती तयार नसतात. एडी लिओनिस हा सोळा प्रकाशवर्षांवरचा तारा १२ एप्रिल १९८५ रोजी भडकला तेव्हा आययूई त्याच्याकडे बघत होती. पुढे त्या नोंदी वापरून संशोधकांनी हिशेब मांडला की, अशा ताऱ्याजवळ पृथ्वीसारखा ग्रह असता तर काय झालं असतं? नुसत्या अतिनील प्रकाशाने ओझोनला फारसा धक्का बसत नाही, पण सोबत प्रोटॉनांचा मारा धरला तर बहुतेक थर नाहीसा होतो. प्रॉक्झिमा सेंटॉरी तर आपला सगळ्यात जवळचा शेजारी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. त्याचा २०१६ साली सापडलेला ग्रह अकरा दिवसांत त्याला फेरी घालतो, इतका जवळ. १ मे २०१९ रोजी हा तारा हबलच्या अतिनील नोंदीत काही सेकंदांत चौदा हजार पटींनी उजळला. "तिथे जीवसृष्टी असेल का?" या प्रश्नावर वर्तमानपत्रं ग्रहाचं तापमान सांगून मोकळी होतात. ताऱ्याचा स्वभाव आधी विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आपली दुर्बीण नाही का, असं मुलं विचारतात. आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवर ३८ सेंटिमीटरच्या दोन अतिनील दुर्बिणी आहेत. त्या उभ्या करण्यात बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांचा हात आहे. पण तिचे संवेदक एकेक प्रकाशकण मोजणारे, म्हणून तेजस्वी तारे तिला सोसत नाहीत. व्याध किंवा अभिजित दाखवून चालत नाही. तारकागुच्छ, दीर्घिका, अशा क्षेत्रांत ती उत्तम, आणि तिथे तिने नाव काढलं. निकट-अतिनील पट्टा २०१८ साली बंद पडला, दूर-अतिनील चालू राहिला. प्रॉक्झिमा मात्र मंद असल्याने आवाक्यातला. २०१७ साली ॲस्ट्रोसॅट, चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण आणि हबल यांनी त्याच्याकडे एकाच वेळी बघितलं होतं, आणि त्या कामात भारतीय संशोधक पुढे होते.

हबल १९९० चं आहे आणि २०२४ पासून एकाच जायरोवर काम करतंय. अतिनील वर्णपट घेणारी तेवढ्या ताकदीची दुसरी दुर्बीण आज वर नाही. ज्या कॉलेजांत दुर्बीण नाही, घुमट नाही, अनुदानाची फाइल वर्षानुवर्षं हलत नाही, तिथल्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे की यंदाच्या प्रकल्पाला हे दोन तारे घ्या. ज्या फाइलींची नावं एसडब्ल्यूपीने सुरू होतात त्या १५५ची रेषा बघायला लागतील, आणि २८० नॅनोमीटरच्या मॅग्नेशियमसाठी एलडब्ल्यूपीच्या. प्रत्येक ताऱ्याच्या निदान दोन-दोन उतरवा. दर्जाचे खुणांक आधी तपासा, आणि १२१.६च्या सुळक्यावर विश्वास ठेवू नका.