जिल्हा आवृत्ती आणि समीक्षेचे जतन

बी. रघुनाथ यांचे ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणी येथे निधन झाले. निजामी राजवटीत, बांधकाम खात्याची नोकरी सांभाळत लिहिणाऱ्या या कवी-कादंबरीकारासारख्या लेखकांची दखल केव्हा आणि कोणत्या शब्दांत घ्यायची, हे दीर्घकाळ मुंबई-पुण्यात ठरत आले.

संगणकीय माध्यमांनी हे अंतर मिटवले, असे आता उत्साहाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. परभणीत लिहिलेले परीक्षण त्याच क्षणी न्यूजर्सीत वाचता येते. परंतु त्यातला सैल परिच्छेद लेखकाकडे परत पाठवणारा संपादक मध्ये उरलेला नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा एका मासिकाहून अधिक काही संपले, ते हेच. (त्या कठोरपणाने मराठवाड्यावर अन्यायही केला असेल, तो हिशेब निराळा.)

वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांनी स्थानिक साहित्यव्यवहाराला जागा दिली खरी, पण ती बहुधा नामावळीची जागा. अमुक अध्यक्षस्थानी होते, तमुक यांनी आभार मानले. प्रकाशित झालेल्या पुस्तकात काय आहे, याविषयी अक्षर नाही.

अधिक गंभीर प्रश्न जतनाचा आहे. १९९५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले, नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली. गिरणगावच्या कवीला कापूस पिकवणाऱ्या मुलखाने कसे ऐकले, हा अभिग्रहणाचा प्रश्न वृत्तपत्रांच्या बांधीव फायलींतच शोधावा लागतो. त्या काळी मराठी मजकूर ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींत जुळवला जाई, तिचे संकेत युनिकोडचे नव्हते. त्यामुळे मूळ संगणकीय फाइल मिळाली, तरी शोधयंत्राला तीत ‘सुर्वे’ सापडत नाहीत. टंक नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. ई-पेपरचे पान तर अनेकदा केवळ छायाचित्र असते. आजची फेसबुकवरील चर्चा युनिकोडमध्ये आहे, पण तिची किल्ली कोणत्याही ग्रंथालयाकडे नाही. व्हॉट्सॲपवरील वाद हातातल्या यंत्राबरोबरच नाहीसा होतो.

कादंबरीतील स्त्रीचित्रणावर आणखी एक लघुप्रबंध लिहिण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने एकाच जिल्हा आवृत्तीतील दहा वर्षांच्या वाङ्मयीन मजकुराची वर्णनात्मक सूची केली, ती युनिकोडमध्ये टंकलिखित करून विभागाच्या ग्रंथालयात ठेवली, तर त्याला पदवी नाकारण्याचे कारण दिसत नाही. मार्गदर्शक मिळेल का, हा प्रश्न वेगळा.